बिभीषणकाकांनी खोडलेले चार शब्द

ईटमध्ये बिभीषण लोमट्यांविषयी एक गोष्ट सांगतात. अमेरिकेतल्या कंपनीनं म्हणे त्यांना नोटीस धाडली, की तुमचं सॉफ्टवेअर आमच्या नावावर करा आणि दोन कोटी घ्या, त्यावर काकांनी उत्तर दिलं, "सदरहू रक्कम आम्हांस मान्य नाही." पानटपरीवर हे दोन कोटी असतात, स्टँडला पोचेपर्यंत पाच होतात. भूमला खवा घालायला गेलेल्या एकानं तर परत येताना गोष्टीत एक गोरा वकीलही आणला. तो म्हणे काकांच्या दारात उन्हात दोन तास उभा होता आणि ताक पिऊन गेला.

यातलं ताक तेवढं खरं असू शकतं, कारण उमाकाकू दारात आलेल्या कुणालाही ताकाशिवाय सोडत नाहीत. बाकी नोटीस नव्हती, कंपनी नव्हती, गोरा तर नव्हताच. पुण्याच्या एका मुलीची ईमेल होती. तिच्यात पैशाचा शब्दही नव्हता. आणि काकांना ज्यानं अडवलं तो माणूस अमेरिकेत नव्हे, भूमच्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर लिंबाखाली टेबल टाकून तीस वर्षं बसलेला आहे. म्हणजे ते स्वतःच.

काका दस्तलेखक. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, संमतीपत्र, जे म्हणाल ते. रोज ईटहून भूमला जातात आणि कागदांची भाषा अंगाला लावून परत येतात. त्यांची नक्कल करायची तर चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचा आणि वाक्याआधी असं खाकरायचं, जणू समोर दोन साक्षीदार बसलेत. घरात लागोपाठ दुसऱ्या दिवशी भेंडी झाली की म्हणतात, "सदर भाजी काल सायंकाळी झालेली असताना आज पुन्हा करण्याचे कारण काय?"

उमाकाकू आतून म्हणतात, "परसात तीच लागलीय. लिहून घ्या."

कागदाच्या बाबतीत काकांचा एक हट्ट आहे. मोकळी जागा सोडायची नाही. छापील नमुन्यात दोन पर्याय असले, तर लागू नसलेला ओळ मारून खोडायचा आणि खोडल्याजागी सही करायची. "मोकळा सोडलेला पर्याय म्हणजे कोऱ्या कागदावरची सही," ते सांगतात. हे शहाणपण त्यांनी पुस्तकातनं घेतलेलं नाही. कोऱ्या बाँडावर सही करून जमीन घालवलेली माणसं याच टेबलापुढं येऊन रडली आहेत.

दोन हजार पाच साली काकांचा जुना संगणक गेला आणि नवा आला. जुन्यावर त्यांनी हजारभर दस्त टाइप करून ठेवले होते, छापखान्यात चालायचे तसल्या जुन्या फाँटमध्ये. नव्या संगणकावर ते उघडले तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि टिंबांचा चिवडा. काका एकेक दस्त समोर धरून परत टाइप करत बसले. तेव्हा येडशीचा एक पोरगा प्रतिज्ञापत्र करायला आला होता. प्रसेनजित ओव्हाळ, बार्शीला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करणारा. तो अर्धा तास गुपचूप बघत राहिला.

"काका, हे हातानं कशाला करताय?"

"मग पायानं करू काय?"

तिथून मैत्री झाली. वर्षभर दर रविवारी प्रसेनजित ईटला यायचा. काकांनी जुन्या फाँटमधल्या एकूणएक अक्षराची नव्या अक्षराशी जोडी लावून तक्ता केला, आणि प्रसेनजितनं तो चालवणारा प्रोग्रॅम लिहिला. त्यातला सगळ्यात अवघड भाग वेलांटीचा. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, नव्या पद्धतीत नंतर. ती उचलून नेमक्या जोडाक्षरापलीकडं नेऊन ठेवायची, आणि वर रफार असला तर त्यालाही सांभाळायचं. सहाशे बारा ओळी त्यानं त्यासाठी लिहिल्या. मग 'स्थिती' लिहिलं की 'स्थिती'च यायला लागलं. त्या दिवशी उमाकाकूंनी पुरण घातलं होतं. प्रोग्रॅमचं नाव काकांनी ठेवलं, अक्षरपालट. उघडला की कोपऱ्यात 'माहिती' म्हणून खिडकी होती, आणि तिच्यात दोन नावं: बिभीषण लोमटे, प्रसेनजित ओव्हाळ.

प्रसेनजित म्हणाला, हे सगळ्यांना फुकट देऊ, जीपीएल नावाच्या परवान्याखाली. म्हणजे कुणीही वापरावं, आत उघडून बघावं, बदलावं. फक्त बदललेलं पुढं देताना त्यानंही तसंच उघडं आणि त्याच अटींवर द्यावं. काकांना हे फार आवडलं. "हे तर अटीसह बक्षीसपत्र आहे." त्यांनी इंग्रजी परवाना डिक्शनरी घेऊन तीन आठवडे वाचला, समासात पेन्सिलीनं मराठी लिहिलं. मग कोडच्या डोक्यावर घालायच्या मजकुराचा नमुना पाहिला. त्यात होतं, 'परवान्याची आवृत्ती दोन, किंवा त्यानंतरची कोणतीही आवृत्ती.'

"त्यानंतरची कुठं आहे?"

"अजून निघाली नाही, काका."

"कोण काढणार?"

"अमेरिकेत संस्था आहे एक."

"तीत काय अटी असणार?"

"ते आत्ताच कसं सांगू?"

"मग जो कागद जन्मलाच नाही, त्याला आपण आजच कबूल?" काकांनी ओळ मारली आणि खोडल्याजागी दोघांच्या सह्या घेतल्या.

"काका, लोक हे तसंच ठेवतात," प्रसेनजित हसत म्हणाला.

"लोक कोऱ्या बाँडावर सह्यापण करतात."

पुढच्याच वर्षी आवृत्ती तीन निघाली. भूमच्या लिंबाखाली कुणाला त्याचा पत्ता लागला नाही. अक्षरपालट मात्र पसरला. शाळांत गेला, वाचनालयांत गेला, कुठल्या कुठल्या दिवाळी अंकांच्या कचेऱ्यांत गेला. चार अनोळखी माणसांनी छोट्या छोट्या दुरुस्त्या पाठवल्या, त्याही त्याच परवान्याखाली. प्रसेनजितला पुण्यात नोकरी लागली. दोन हजार तेराच्या डेंग्यूत तो गेला. सत्तावीस वर्षांचा होता. लग्न व्हायचं होतं.

मग गेल्या डिसेंबरात ती ईमेल आली. पुण्याची शिवांजली, मराठी शाळांसाठी मोफत संगणकप्रणाली बनवणाऱ्या एका गटात ती फावल्या वेळात काम करते आणि त्या प्रणालीतल्या प्रोग्रॅमची यादी सांभाळते. काकांना ईमेल दोनदा वाचूनही उमगली नाही, तेव्हा तिनंच फोन केला. तिचं बोलणं पाण्यावर तिरप्या फेकलेल्या खड्यासारखं उड्या मारत जातं.

"सर, ॲक्च्युअली ना, इश्यू असा आहे, अक्षरपालट ज्या लायब्ररीवर चालतो ना, म्हणजे ते तयार कोड, ते लोक आता व्हर्जन तीनवर गेलेत. तीन किंवा नंतरचं. आणि सर, तुमचं आहे दोनच. फक्त दोन."

"दोन आणि तीन एकाच संस्थेचे ना?"

"हो सर."

"म्हणजे सख्खे भाऊ."

"हो सर, पण एका घरात राहू शकत नाहीत. दोन म्हणतं, माझ्या अटींपलीकडं एकही जादा अट घालायची नाही. आणि तीनमध्ये जादा अटी आहेत. मग दोन्ही एकत्र बांधून वाटलं, की एकाचा तरी भंग होतो."

"वेगवेगळे ठेवले तर?"

"सर, ती लायब्ररी तुमच्या प्रोग्रॅमच्या पोटात आहे. आणि जुनी लायब्ररी नव्या मशीनवर चालतच नाही. सर, त्या ओळीत 'किंवा नंतरची' असतं ना, तर मी तुम्हाला फोनच केला नसता."

 उमाकाकू सांगतात, फोन ठेवल्यावर काका परसात गेले आणि भेंडीच्या झाडांकडं बघत उभे राहिले, आणि भाजीविषयी एक शब्द काढला नाही.

मार्गही तिनंच सांगितला होता. ज्यांनी ज्यांनी त्यात लिहिलंय त्या सगळ्यांनी लेखी संमती दिली, तर खोडलेले शब्द परत घालता येतील. मुदत एकतीस मार्च. तोवर झालं नाही तर अक्षरपालट यादीतून जाणार, आणि नव्या संगणकांवर तो मग कधी येणारच नाही. काकांनी जन्मभर दस्त लिहिले ते दुसऱ्यांच्या नावांचे. स्वतःचं नाव असलेलं त्यांच्या हातून एवढंच झालं होतं, आणि त्या नावाशेजारी त्या पोराचं नाव होतं. ते वाचवायचं होतं.

त्या चार अनोळखींचे होकार आठवड्यात आले. एक नागपूरचा, एक गोव्याचा, एक परदेशातला आणि एकानं नुसताच अंगठा वर केलेलं चित्र पाठवलं. काकांनी त्याला परत लिहिलं, "सदर चित्र संमती म्हणून ग्राह्य धरता येत नाही, कृपया शब्दांत कळवावे." त्यानं कळवलं. पाचवा प्रसेनजित.

काकांना कायदा पाठ. माणूस गेला तरी त्याच्या लिखाणाचा हक्क पुढं साठ वर्षं राहतो आणि तो वारसांकडं जातो. बिनलग्नाचा मुलगा गेला तर पहिली वारस आई. बापाचा नंबर आईच्या मागं.

जानेवारीत ते दोन एसट्या बदलून येडशीला गेले. प्रसेनजितचे वडील मच्छिंद्रराव रेल्वेत गँगमन होते, स्टेशनामागंच घर बांधून राहिलेत. आई सरुबाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या.

"जय भीम," काका म्हणाले.

"जय भीम. प्रसेन्याचा मैतर व्हय?" सरुबाईंनी अठ्ठावन्न वर्षांच्या काकांना नीट न्याहाळलं. "बार्शीला गेलाय कालीजात. बसा. सांच्यापारी यील."

काका बसले. चहा आला तो प्यायले. सरुबाईंनी त्यांच्या हातावर मूठभर शेंगदाणे ठेवले आणि प्रसेनजितसाठी वेगळे काढून वाटीत झाकले. पिशवीतला कागद काकांनी बाहेरच काढला नाही.

मच्छिंद्रराव त्यांना स्टँडपर्यंत सोडायला आले. "तीन वर्सं झाली, हिच्या डोस्क्यातनं त्याचं मरणच पुसून गेलंय. आधी म्या सांगायचो. दर खेपंला नव्यानं रडायची. आज सांगितलं की आज, उद्या सांगितलं की उद्या. मग सोडून दिलं सांगायचं."

काकांनी त्यांना सगळं समजावलं, आवृत्ती दोन, आवृत्ती तीन, संमती, मुदत. मच्छिंद्ररावांनी रेल्वेवाल्यासारखं समजून घेतलं. "म्हंजे गाडी जुन्या रुळावर हाय, अन् फुडचा रूळ बदललाय."

"तसंच."

"मग म्या करतो की सही."

"तुमची चालत नाही. वारस आई."

"बापाचा काय हक न्हाय?"

"आई आहे तोवर नाही."

"पीएफ काढून त्याला कॉम्प्युटर म्या घिऊन दिला, साहेब."

"खरंय," काका म्हणाले.

परत आल्यावर काकांनी दुसरे रस्ते शोधले. धाराशिवच्या वकिलानं सांगितलं, सरुबाईंसाठी कोर्टाकडून पालक नेमून घ्या, वर्ष लागेल, दीडही लागेल, आणि तोंड वाकडं करून विचारलं, "सहाशे ओळींसाठी?" मग काका स्वतःच वेलांटीचा भाग नव्यानं लिहायला बसले. तक्ता करणं वेगळं आणि कोड लिहिणं वेगळं. फेब्रुवारीभर त्यांची वेलांटी कधी शेजारच्या अक्षराला चिकटायची, कधी ओळीच्या टोकाला जाऊन बसायची. जे जमायचं ते प्रसेनजितच्या ओळींसारखंच निघायचं, कारण त्याच ओळी वाचून ते शिकले होते. शिवांजलीच्या गटातल्या एकानंही हात लावून बघितला आणि महिन्यानं दुसरी नोकरी धरून निघून गेला.

"सर, एक सांगू?" शिवांजली फोनवर हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही लिहिलंत की संमती मिळाली, तर कुणी तपासायला येणार नाही. म्हणजे, ॲक्च्युअली, कुणीच नाही."

काका खाकरले. "मीच आहे की," म्हणाले, आणि चूक आपली असल्यासारखे पुढं म्हणाले, "तुझा दोष नाही, बाळ."

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मच्छिंद्ररावांचा फोन आला. सकाळची सरुबाई बरी असती, म्हणाले. परवा तर तिनं स्वतःच इचारलं, माझं पोरगं मेलंय का. तिला घिऊन येतो. अंगठ्याचं शाईचं तयार ठेवा.

काकांनी संमतीपत्र मराठीत आणि इंग्रजीत टाइप करून घेतलं होतं, अंगठ्यासाठी डाव्या बाजूला जागा सोडून. रोज संध्याकाळी ते पिशवीतून काढायचे, वाचायचे, परत ठेवायचे. शेजारची म्हणून मी ते रोज बघत होते. म्हणून त्यांना म्हणाले, "काका, तुम्ही अंगठा घेणार."

"तिला समजलं तर घेणार."

"नाही समजलं तरी घेणार. लावता पैज?"

"काय लावतेस?"

"एक किलो पेढे. कुंथलगिरीचे."

"कबूल," काका म्हणाले. त्यांच्याकडं बघून वाटलं, ही पैज हरायला त्यांची ना नाही.

अठ्ठावीस तारखेला सकाळी साडेदहाला दोघं भूमला लिंबाखाली आले. सरुबाई धुतलेलं निळं लुगडं नेसून होत्या. काकांनी त्यांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, स्वतः बाकड्यावर बसले. कागद समोर धरला, पण वाचला नाही. सदरहू आणि येणेप्रमाणे सगळं बाजूला ठेवून साधं बोलले.

"सरुबाई, प्रसेनजितनं कॉम्प्युटरसाठी एक काम लिहिलंय. ते लोकांना फुकट वाटलं जातं. आता ते नव्या अटीवर वाटायचंय. ते आता तुमच्या मालकीचं आहे. तुमची परवानगी आहे का?"

सरुबाईंनी मन लावून ऐकलं. "प्रसेन्यानं लिव्हलंय?"

"व्हय."

"मग त्यालाच इचारा की. माझं काय त्यात. यील आता."

काकांनी पुन्हा सांगितलं, आणखी सोपं करून. सरुबाई पुन्हा म्हणाल्या, "त्यो आल्यावर इचारा." तिसऱ्यांदा मच्छिंद्रराव मधे पडले. "अगं, हू म्हण की."

"हू," सरुबाई म्हणाल्या.

"हू म्हणली. झालं, साहेब." मच्छिंद्ररावांनी त्यांचा डावा हात धरला, अंगठा शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदाकडं नेला. काकांनी कागद ओढून घेतला. अंगठा तसाच टेबलावर अधांतरी राहिला, निळा झालेला.  मग सरुबाईंनीच हात सोडवून घेतला आणि अंगठा केसांना पुसला, जन्मभर रेशनपासून मतदानापर्यंतची शाई पुसली तसा.

"तीस वर्सं दुसऱ्याचे अंगठे घेतले तुमी," मच्छिंद्रराव म्हणाले. आवाज चढला नव्हता. "येक माझ्या पोरासाठी न्हाय व्हय घेता येत?"

"तिला समजलं नाही, मच्छिंद्रराव."

"मला समजलंय की."

"तुम्ही वारस नाही," काका म्हणाले. काकांच्या बाकी सगळ्या बोलण्याची मला नक्कल करता येते, या वाक्याची येत नाही.

मच्छिंद्ररावांनी मान हलवली. भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, की ती नावाची खिडकी आत्ता, इथं, बघायला मिळेल का. काकांनी टेबलावरच्या आपल्या जुन्या झालेल्या संगणकावर अक्षरपालट उघडला आणि 'माहिती'वर टिचकी मारली. मच्छिंद्ररावांनी नाव बघितलं, सरुबाईंनाही दाखवलं. त्यांना वाचता येत नाही, पण त्यांनी पडद्यावर हात फिरवला आणि विचारलं, "जेवला का त्यो?"

बाराच्या गाडीनं दोघं परत गेले.

एकतीसला रात्री शिवांजलीचा निरोप आला, "सॉरी सर. लायसन्सचं क्लिअर झालं की लगेच परत घेऊ." काकांनी कागदावर हिशोब मांडला. काही केलं नाही तर प्रसेनजितच्या ओळी साठ वर्षांच्या हक्कातून आपोआप मोकळ्या होतील दोन हजार त्र्याहत्तर संपल्यावर. तेवढा आकडा सांगून ते झोपायला गेले.

दोन दिवसांनी मी पेढे घेऊन गेले. काका कुणाचं तरी स्वयंघोषणापत्र लिहीत होते, त्यांनी वर बघितलं नाही. उमाकाकूंनी पुडा हातात घेतला.

"कशाचे गं पेढे?"

"पैज हरले मी काकांशी."

"मग जिंकलेल्याचं तोंड असं का?" काकूंनी त्यांच्याकडं बघितलं, पुडा उघडून एक पेढा त्यांच्या कागदाशेजारी ठेवला. काकांनी ओळ पूर्ण केली, मग पेढा उचलून बाजूला सरकवला, कागदाला तूप लागू नये म्हणून.